कोंबडीच्या आतड्याची उठाठेव

…न्हाई न्हाई, तुमीच सांगा, बावीस वर्सं कोंबड्या पाळतोय मी, हज्जार पक्षी एका येळंला, भुकूमपासनं पौडापर्यंत ज्यानं कुनी रस्सा भुरकला त्यानं माझीच कोंबडी खाल्ली आसंल, आन् मला शिकवतंय कोन? तर माझा मेव्हना! किशोरराव! नेऱ्याची जमीन इकली, पांढरी गाडी घेतली, आन् आता ज्ञान वाटत हिंडतुया. आला, पाय धुतलं न्हाईत, पानी प्याला न्हाई, थेट शेडात घुसून खाली बसला आन् कोंबडीची घान काडीनं उकराय लागला. म्हनलं, काय हरवलं का? तर म्हनतो, "दाजी, पातळ हाय. हिचं आतडं ठीक न्हाई." आतडं! कोंबडीचं!

मंग पिशवीतनं पावडर काढली. प्रीबायोटिक! तुमाला सांगतो, हे औषद न्हाई, टॉनिक न्हाई. मंग काय? तर कोंबडीच्या पोटात म्हनं चांगलं जंतू आसत्यात, त्यांचं हे जेवान! म्हंजे मी कोंबडीला जेवू घालायचं, आन् कोंबडीनं आत जंतूंची पंगत बसवायची! जंतू जेवलं की आतडं सुधारतं, आतडं सुधारलं की खाद्य अंगी लागतं… आरं, मंग त्या जंतूंच्या पोटाचं काय? त्यांना कोन पावडर घालनार? आसं इचारलं तर बायको माझ्यावरच घसरली, "अवो, माझ्या आतड्याचा हाय तो, वाईट सांगंल व्हय?" घ्या! हितंबी आतडं!

तवा मीबी पेटलो. म्हनलं, मार शेडात मधोमध जाळी. आर्ध्यांना तुझी पावडर, आर्ध्यांना माझं साधं खाद्य. पस्तिसाव्या दिवशी पौडच्या गुरांच्या दवाखान्यातल्या शुभांगी डाक्टरीनबाई दोन्हीकडच्या चार-चार कोंबड्या कापून आतडं बघत्याल. फरक न्हाई दिसला, तर पुन्ना माझ्या शेडात पाय ठिवायचा न्हाई. आन् दिसला तर शेड तुझ्या मतानं चालंल! …बोलून गेलो की वो! बावीस वर्सांचं माझं शेड, पैजंला लावून बसलो. कशासाठी? तर कोंबडीच्या आतड्यासाठी!

मंग रोजचा जाच. "दाजी, सकाळच्या घानीचा फोटो धाडा, दोन्हीकडचा." एका हातात चहा, एका हातात मोबाईल, आन् मी घानीवर वाकलेला! शेजारची रंभाबाई बांधावरनं इचारती, "भावजी, रोज कशाचा फोटू काढताय?" काय सांगू तिला, कप्पाळ? आन् एक खरं सांगू? कुनाला बोलू नका… पावडरीकडचा कोंबड्यांखाली पसरलेला तूस जरा कोरडा वाटत व्हता. जरासाच! मी बोललो का? छ्या! जीभ हासडून दिली आसती, पन त्या किशोररावाला सांगितलं नसतं.

पस्तिसावा दिवस उजाडला. आन् तो नेमका कुठला? आखाडातला शेवटचा रइवार! श्रावन तोंडावर आल्यावर पाव्हनं कसं येत्यात, ठावं न्हाई व्हय? किशोररावांच्या मागं बायकोचं आख्खं माहेर उतरलं, अकरा मानसं! मी आठ कोंबड्या निवडल्या, दोन डाल्यांखाली झाकल्या, आन् फटफटीवर डाक्टरीनबाईंना आनाय गेलो. परत येतोय तर फाटकापाशीच मसाल्याचा वास! डाली उताणी! म्हनलं, अगं ए, कोंबड्या कुटं हायेत? तर चुलीपुढनं म्हनती, "आयत्या धरून ठिवल्या व्हत्या की तुमी! मला वाटलं, कवा न्हाई ते माझ्या माहेरासाठी हात हालवला!"

डाक्टरीनबाई कात्री घिऊन उभ्या. "अहो, मग आतडी कुठे आहेत?" आतडी? घरामागं आमचं भुऱ्या कुत्रं डोळं मिटून जिभल्या चाटत पडलं व्हतं!

आन् किशोरराव? मांडी घालून ताटावर! नळी चोखत म्हनतो, "दाजी, ह्यो पीस पावडरीचा. लगीच कळतंय!" आरं, आठच्या आठ एका पातेल्यात शिजल्यात, कळतंय काय, कप्पाळ? पन अकरा मुंड्या हालल्या, "व्हय व्हय, चवच निराळी!" मी डाक्टरीनबाईंकडं बघितलं. त्या म्हनाल्या, "आतडं बघितल्याशिवाय काहीच सांगता येणार नाही," आन् वाटी पुढं केली… रश्श्यासाठी! तिकडं अकरा, हिकडं मी एकटा. दुसऱ्या दिवशी जाळी निघाली, आख्ख्या शेडाला पावडर लागली. माझं शेड, आन् मत मेव्हन्याचं. लई लागलं हो मनाला, खोटं कशाला बोलू!

आता पावडरीचं नाव ऐकून भुकूमच्या नव्या सोसायट्यांतनं गाड्या येत्यात. काल एक मृण्मयी मॅडम आल्या. "काका, ती प्रीबायोटिकवाली द्या. आतडं हेल्दी आहे ना तिचं?" म्हनलं, हाय. "नक्की ना?" म्हनलं, लई हेल्दी, मेव्हन्याची ग्यारंटी. मंग सुरी हातात घेतली, तर नाकाला रुमाल लावून म्हनत्यात, "आणि काका, ती आतडीबितडी सगळी काढून टाका हं, ईऽऽ!"

काढतो, बाई. रोज काढतो, रोज टाकतो. एवढी पावडर, एवढं जंतू, एवढी पैज… आन् आख्ख्या मुळशी तालुक्यात त्याचा गुन आला कुनाला? तर आमच्या भुऱ्याला!