कुरियाचे सूर आणि चौथी पुरणपोळी

जेवणातल्या आग्रहाला माझा विरोधच आहे. अपवाद एकदाच केला. केनियाची माझी विद्यार्थिनी रोबी दुसऱ्या दिवशी मायदेशी निघणार होती आणि तिच्या कुरिया भाषेचं ध्वनिमुद्रण राहिलं होतं. ही भाषा रोमन लिपीत लिहितात, पण क्रियापदाचा काळ सांगणारे सुरांचे चढउतार त्या लिहिण्यात येत नाहीत. पलूसला आमच्या घरी तिनं वाक्यं वाचली, तीही यादी वाचावी तशी एकसुरी. यंत्र चालूच ठेवून आम्ही जेवायला बसलो. माझ्या काकूंनी चौथी पुरणपोळी वाढताच रोबी कुरियातून ओरडली. सगळे सूर स्वच्छ!

“काय म्हणतीया ही?”

“बास म्हणते, काकू.”

“आसं समदीच म्हणत्यात.”

एका नमुन्यावर मी निष्कर्ष काढत नाही.

“काकू, अजून एक वाढा.”