रविवारी भोंगा नसते

लिवून घेता तं घ्या, मी माजरीकडचा. बाप कोयल्याच्या खदानीत, मी बी तिथीच खपलो, शाळा चौथीपतोर, तेही मास्तरच्या छडीनं. बायको वच्छला, सावलीकडची, धानाच्या मुलखातली. काय सांगू तुम्हाले, असी तोंडाची बाई अख्ख्या वस्तीत नोती.

आम्हा दोघांईले एचआयव्ही झाला. कोनापासून, हे इचारू नका; जो येते तो आदी हेच इचारते, तब्येत कोनी इचारत नाई. गोळ्या सुरू झाल्या. खदानीचा सांजचा भोंगा वाजला का गोळी, असं ठरलं. रविवारी खदान बंद, भोंगा नाई, तं वच्छला सोता थाळी वाजवे अन् मले म्हने, ऊठ रे आळशा, खदान चालू झाली.

माह्या गोळ्या चालल्या. तिच्या नाई. पहिल्या फेल, बदलून देल्ल्या त्या बी फेल, वाळून काडी झाली बाई. अन् दवाखान्यातला तो डॉक्टर, मान वर न करता म्हने, गोळ्या चुकवता तुम्ही. वच्छला म्हने, भोंग्यावर घेतो साहेब. तो हासला. नर्सले सांगून सांगून हासला, भोंग्यावर घेते म्हने बाई! वच्छला म्हने, साहेब, हा माहा बुढा जलमाचा आळशी, याच्या चालतात, मंग माह्याच काऊन नाई? तो म्हने, बाहेर बसा. तिसरी दवा पायजे तं आदी रक्त मोठ्या तपासनीले जाते. या शहाण्यानं पाठवलंच नाई, आदी नीट घ्या म्हने. त्याच त्याच गोळ्या गिळून राह्यली, तिकडं तिच्या माहेरी धानाची रोवणी झाली, धान कापून झाले.

मंग तो बदलून गेला, डॉक्टरीन बाई आली, तिनं रक्त पाठवलं. म्हने, बाबा, तुमची बाई बरोबर घेत होती, रोगच दवेले निगरगट्ट झाला. मी म्हनलो, हे मले नोका सांगू, तिले सांगा. सांगतलं तिनं, खाटेपाशी वाकून. वच्छला म्हने, त्या हासऱ्याले बी सांगजा. तिसरी दवा आली, पन पोटात टिकलीच नाई. गेली.

तेरवीले सोयरे आले. तिच्या हातचं पानी पेत नोते, ते बुंदी परत परत मागून राह्यले. म्हनलो, खा लेकहो, भरा पोट.

आता रविवारी थाळी मीच वाजवतो. आज बी वाजवली, तं बाजूची वहिनी ओरडली, तुम्ही आयकलंच; म्हने, भाऊजी, बुढी गेली, आता कोनाले उठवता? मलेच उठवतो, अजून कोनाले. तुम्ही लिवा, भलं होवो तुमचं. पन पहिले तो गिलास द्या इकडं, गोळी घेतो, नाई तं आळशी म्हनन वच्छला.