डावीकडची खुर्ची

ऐकायचं नाही असं ठरवूनही, वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसलेल्या शिंप्याच्या कानावर शेजारच्या दोन जावांचं बोलणं पडलंच.

“भाऊजी बसतात का आता, जाऊबाई?”

“उशांना टेकून दहा मिनिटं. लुळा हात मात्र ओढायचा नाही, उशीवर ठेवायचा.”

“आणि तुम्ही दिवसभर त्या डाव्या कोपऱ्यात का?”

“झटका आल्यापासून डावीकडचं त्यांच्या लक्षातच येत नाही. मान वळावी म्हणून व्यायामवाल्या बाईंनी मला तिथेच बसवलंय.”

“वळते?”

“कुठली! उजवीकडच्या दाराकडे डोळे लावून नर्सला विचारतात, ‘ही कधी येणार?’”

“अहो, मग हाक मारा की!”

“मारते ना. तर दाराकडेच बघून हसतात. म्हणतात, ‘आली वाटतं.’”