समोरचं दार

दातांच्या डॉक्टरांची आणि मुलांच्या मानसोपचारतज्ज्ञ बाईंची बसायची खोली एकच होती. माझ्या शेजारी मायलेकी होत्या.

"आई, आपलं दार समोरचं."

"कळतंय मला. इथेच बस. आणि बाही ओढ, वण दिसतायत."

दात दाखवायला आलेल्या एक ओळखीच्या बाई त्यांच्यापाशी थांबल्या. "अगंबाई वहिनी, तुम्ही इथे? लेकीला काय झालं?"

"तिला काय धाड भरलीय! माझीच दाढ ठणकतेय."

"मग माझ्याआधी जा."

"नको हो, खरंच नको."

"अहो, चेहरा केवढासा झालाय! चला, मी सोडते आत."

मुलीला तिथेच ठेवून दोघी बायका दातांच्या डॉक्टरांकडे गेल्या. तेवढ्यात समोरचं दार उघडलं.

"ये गं. आज आई आली ना? स्वभावातले हे टोकाचे चढउतार याच वयात सावरता येतात, पण घरचं माणूस सोबत हवं."

"नाही मॅडम. मी एकटीच आलेय."