हातमोज्यावर चार पानं

गुरुवारचा माझा उपास. मिरजेच्या डोळ्यांच्या दवाखान्यात नंबर येईपर्यंत जप करत बसले होते. शेजारी ऑपरेशनसाठी थांबलेले एक निवृत्त प्राध्यापक. फौजेतून परतलेले एक गृहस्थ बायकोसह येऊन त्यांच्या पाया पडले.

"सर, मी सयाजी. कराडच्या कॉलेजात तुमच्या इंग्रजीच्या तासाला असायचो."

"चेहरा दिसत नाही रे. शेवटच्या बाकावरचा का?"

"व्हय. तुमी ते जुनं इंग्रज निबंधकार शिकवायचा. हरवल्या छत्रीवर सहा पानं लिवणारं."

"शिकवले खरे. पण उसाच्या फडात नाहीतर फौजेत जाणाऱ्या पोरांना त्या छत्रीचा काय उपयोग? वाटतं, सगळी वर्षं वाया गेली."

"आसं नगा म्हणू. सीमेवर कुठं हाय, काय करतोय, पत्रात लिवायची बंदी. मग घरी लिवायचं काय? तवा तुमचा तास आठवला. हातमोज्यावर चार पानं लिवली."

"आवं सर, मला वाटलं, ह्यांचं डोस्कं फिरलं! पुढच्या पत्रात किटली. त्याच्या पुढं बुटाची नाडी."

"आणि तुम्ही वाचलंत ते, ताई?"

"वाचलं? पुढं पुढं पोस्टमन दिसला की माझी भाकरी तव्यावर करपायची. आता कशावर लिवलंय म्हणून."

"आहेत अजून पत्रं?"

"ट्रंकेत हायती समदी."

माझी जपाची माळ केव्हाची एकाच मण्यावर थांबली होती. नर्सनं सरांना हाक मारली.

"पट्टी सुटली की पहिलं तेच वाचीन. हातमोज्याचं आणाल?"

"आणते की. पर सर, लाल पेन घरी ठिवून या."