सुनेचा ताप

पेशंट डॉक्टरशी खोटं का बोलतो, हे मला एका म्हातारीनं शिकवलं. बाहत्तरचा दुष्काळ नुकताच सरला होता. सोनपेठकडं एका सरकारी दवाखान्यात मी कंपाउंडर होतो. ही म्हातारी सुनेला घेऊन आली. डॉक्टर विचारायचे सुनेला, उत्तर द्यायची सासू.

"काय होतंय, बाई?"

"सांधे ठणकायलेत तिचे. सांजच्याला हुडहुडी भरती."

"कधीपासून?"

"आठ रोज झाले तिला."

डॉक्टरांनी थर्मामीटर उचलला आणि सासूच्याच तोंडात घातला. "मी काढेपर्यंत बोलायचं नाही." त्यांना काही कळलं होतं, की तिला नुसतं गप्प करायचं होतं, देव जाणे.

तेवढ्यात सून हळूच म्हणाली, "सायेब, मला कायबी न्हाई. समदं आत्याबाईलाच व्हायलंय. मी रोजंदारीला जाते, म्हणून घरचे मला दवाखान्यात पाठवतेत. म्हातारीला कोण पाठवतंय?"

पारा एकशे दोनवर होता.

म्हातारीनं तोंड पुसलं. "किती ताप हाय हिला?"

"लय हाय." डॉक्टरांनी कागदावर सुनेचंच नाव लिहिलं आणि गोळ्या सासूच्या हातात दिल्या. "हिच्या गोळ्या तुम्ही खायच्या."

"खाईन की," म्हातारी म्हणाली. "सुनंसाठी एवढंबी करू न्हाई का?"