न घासलेला डाग

आदरणीय अध्यक्षसाहेब, व्यासपीठावरील मान्यवर, आमच्या दागिने घडवण्याच्या वर्गाचे आजी-माजी विद्यार्थी, बाईंच्या घरची मंडळी आणि स्वतः बाई, सर्वांना माझा नमस्कार.

बाईंच्या या निरोप समारंभात मला चार शब्द बोलायला सांगितलंय. बाईंबद्दल चार शब्दांत काय सांगणार, कपाळ? आमची टेबलं एकमेकांना लागून. त्या डाग द्यायच्या, मी नक्षी कोरायचो. पाहुण्यांसाठी सांगतो, दागिन्याचे तुकडे आचेवर जोडणं म्हणजे डाग देणं. नव्या मुलींना बाई पहिल्याच दिवशी बजावायच्या, "डाग असा द्या, की डाग दिसता कामा नये."

आमचं भांडण एकच, खिडकीच्या पडद्याचं. तापलेली चांदी लाल कधी होते ते अंधारात नीट कळतं, म्हणून त्यांना पडदा बंद हवा. कोरायला उजेड लागतो, म्हणून मला उघडा. "अहो नक्षीवाले, माझ्या चांदीचा गोळा झाला, तर तुमची नक्षी काय चाटायचीय?" असं त्या ठणकावायच्या. अध्यक्षसाहेब, आपण एकदा मिटवायला आलात आणि दोघांचीही बोलणी खाऊन गेलात. आठवतंय ना?

गेल्या हिवाळ्यात मी सवयीने पडदा उघडायला उठलो, तर तो उघडाच. बाई म्हणाल्या, "राहू द्या. आता बंद काय नि उघडा काय." मी चेष्टा करणार होतो, पण त्यांचा चेहरा पाहिला आणि खाली बसलो. त्यांची नजर चालली होती. परत यायची नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं.

तरी त्या शिकवत राहिल्या. चांदीवर आच धरायच्या आणि शेजारच्या मुलीला म्हणायच्या, "रंग सांग." ती बिचारी घाबरत सांगायची, "काळपट... तांबूस... लाल, बाई." की बाई आच बाजूला घ्यायच्या. मुलींनो, तुम्हाला ती परीक्षा वाटायची. ती परीक्षा नव्हती. हे सांगायची परवानगी मी त्यांच्याकडून कालच घेतलीय.

मध्यंतरी त्यांनी नातीसाठी कडं करायला घेतलं. शेवटचं काम. रंग सांगायला या वेळी मला बसवलं. पडदा मीच लावला. आणि काय सांगू, माझेच डोळे भरून आले, मलाच काही दिसेना. "लाल" म्हणायला उशीर झाला. डाग ओघळला, जाडाभरडा बसला.

मी कानस उचलली. म्हटलं, घासून सारखं करतो. बाईंनी डागावरून बोट फिरवलं, पुन्हा फिरवलं. म्हणाल्या, "नको हो, नक्षीवाले. जन्मभर डाग लपवत आले. हा राहू द्या. हा मला बोटाला कळतो."

ते कडं आज पहिल्या रांगेत आहे. बाई, तुम्हाला इथून दिसत नसेल, म्हणून सांगतो. नात ते तोंडात घालून बसलीय.

संस्थेने मला बोलू दिलं, आपण ऐकून घेतलंत, मनापासून आभार. बोलण्यात कुठे सांधा उघडा राहिला असेल, तर पदरात घ्या. आणि कार्यवाह, तो पडदा आता काढून टाकू म्हणालात. काढू नका. उद्या सकाळी मी तो उघडायला उठेन, आणि मला कोणी अडवणार नाही.